तारीख पुन्हा उलटली, कीबोर्ड पुन्हा बदलला: भाषा-प्रदेश सेटिंग टिकत नाही तेव्हा कुठे पाहायचं

सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश बदलला, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी दिसू लागली, काम झालं असं वाटलं. दोन दिवसांनी रात्री आपोआप तयार होणाऱ्या अहवालात महिना पुन्हा पुढे आणि दिवस मागे. किंवा नको असलेला कीबोर्ड यादीतून काढला आणि संगणक परत सुरू केल्यावर तो तिथेच बसलेला. या तक्रारीवर बहुतेक वेळा 'रीजन तपासा' असं उत्तर मिळतं. रीजन तर आधीच तपासून झालेलं असतं.

घोळ असा आहे की विंडोजमध्ये 'भाषा' नावाची एक सेटिंग नसतेच. मेनू कुठल्या भाषेत दिसावेत ही डिस्प्ले लँग्वेज. तारीख, आकडे, दशांशचिन्ह कसं लिहावं हे रीजनल फॉरमॅट. 'कंट्री ऑर रीजन' ही तिसरी; ती स्टोअर आणि तशाच काही सेवांना तुमचा देश सांगते, तारखेशी तिचा संबंध नाही. चौथी कीबोर्डची यादी. पाचवी सिस्टीम लोकॅल, म्हणजे युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच अक्षरसंच) न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांनी कोणता अक्षरसंच वापरायचा ते. यातल्या पहिल्या चार प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात वेगळ्या साठवल्या जातात, शिवाय लॉगिन पडद्यासाठी व सिस्टीम खात्यांसाठी वेगळ्या, आणि पुढे तयार होणाऱ्या नव्या खात्यांसाठी आणखी वेगळ्या. सिस्टीम लोकॅल मात्र सगळ्या संगणकाला मिळून एकच. तुम्ही बदलता ती फक्त तुमच्या खात्याची प्रत. बाकीच्या जुन्याच राहतात आणि तिथूनच बिघाड 'परत' येतो.

माझ्या पडद्यावर बरोबर, अहवालात उलटी

हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका. अहवाल तयार करणारी सेवा किंवा टास्क शेड्यूलरमधलं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम बहुतेक वेळा तुमच्या खात्याखाली चालत नाही, सिस्टीम खात्याखाली चालतं. ते खातं स्वतःची सेटिंग वाचतं, आणि विंडोज बसवताना अमेरिकी इंग्रजी निवडली गेली असेल तर ती आजही महिना-दिवस-वर्ष अशीच असते.

१. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत रोमन अक्षरांत आय-एन-टी-एल, टिंब, सी-पी-एल असं टाइप करून एंटर दाबा. जुनी 'रीजन' खिडकी उघडेल. नव्या सेटिंग्जमधून जायचं असेल तर टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, मग तळाशी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज.

२. फॉरमॅट्स टॅबवर हवा तो फॉरमॅट निवडा. खालच्या उदाहरणात आजची तारीख कशी दिसते ते पाहूनच अप्लाय दाबा.

३. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' दाबा. करंट युजर, वेलकम स्क्रीन आणि न्यू युजर अकाउंट्स असे तीन भाग दिसतील, प्रत्येकात डिस्प्ले, इनपुट, फॉरमॅट आणि लोकेशन. चूक बहुतेक वेळा इथेच उघडी पडते: वरच्या भागात सगळं बरोबर आणि दुसऱ्यात जुनंच.

४. तळाच्या दोन्ही चौकटींत खूण करा. पहिली वेलकम स्क्रीन आणि सिस्टीम खात्यांसाठी, दुसरी नव्या खात्यांसाठी.

५. संगणक रीस्टार्ट करा. नुसतं साइन आउट पुरत नाही, कारण चालू असलेल्या सेवांनी जुनी सेटिंग आधीच वाचून ठेवलेली असते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही नक्कल फॉरमॅटसोबत कीबोर्डची यादीही नेते, म्हणून आधी आपल्या खात्यातली कीबोर्डची अडगळ काढा आणि मगच नक्कल करा. आणि त्याच संगणकावर आधीपासून असलेल्या इतर खात्यांना ही नक्कल लागू होत नाही. एखादी सेवा स्वतःच्या खास खात्याखाली चालत असेल, तर एकदा त्या खात्याने लॉगिन करून फॉरमॅट बदलावाच लागतो.

आणखी एक छुपं कारण. 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये जाऊन कोणीतरी हाताने दिनांक रचना बदललेली असते, आकड्यांचे गट १२,३४,५६,७८९ असे लावलेले असतात. पुढे दुसऱ्या कोणी फॉरमॅटच बदलून पाहिला आणि परत पूर्वीचा निवडला, की हाताने केलेले सगळे बदल पुसले जातात. म्हणून शक्यतो मुळातच योग्य फॉरमॅट निवडावा आणि हाताने कमीत कमी बदलावं. बदललंच तर दिनांकाच्या रचनेत महिन्यासाठीचा एम मोठ्या लिपीतला हवा. लहान एम मिनिटांसाठी राखीव आहे.

एक्सेलमधल्या तारखा: फॉरमॅट सुधारला तरी जुन्या सुधारत नाहीत

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते निमूटपणे होतं. समजा फाइलमध्ये एप्रिल २०२४ च्या तीसही तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आहेत आणि ती अमेरिकी फॉरमॅट असलेल्या संगणकावर डबल क्लिक करून उघडली. १३ पासून पुढच्या १८ तारखांना महिना म्हणून अर्थच नाही, त्यामुळे एक्सेल त्यांना मजकूर समजून सोडून देतो. त्या रकान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतात. पहिल्या १२ मात्र तो आनंदाने स्वीकारतो आणि महिना-दिवस अशा वाचतो. त्यातली ४ एप्रिल योगायोगाने बरोबर निघते, उरलेल्या ११ चुकतात. काहीही इशारा येत नाही. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, की तिथेच थांबावं.

आता फॉरमॅट दुरुस्त केला तर? काही होत नाही. एक्सेल तारीख अक्षरांत ठेवत नाही, १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला क्रमांक ठेवतो. ३ एप्रिल २०२४ चा क्रमांक ४५३८५. चुकीच्या वाचनात तिथे ४ मार्च, म्हणजे ४५३५५ साठवला गेला. प्रदेश बदलल्यावर हाच चुकीचा क्रमांक नव्या पद्धतीने ०४-०३-२०२४ असा सुबक दिसतो, एवढंच.

म्हणून मूळ फाइल हाताशी असेल तर ती पुन्हा आणणं हाच खरा उपाय. डबल क्लिक करू नका. डेटा टॅबवर 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, ट्रान्सफॉर्म डेटा दाबा, तारखेच्या रकान्याचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकॅल' निवडा आणि फाइल ज्या पद्धतीने लिहिली आहे तो फॉरमॅट सांगा. एक्सेलने उघडताना आपोआप 'चेंज्ड टाइप' ही पायरी घातली असेल तर ती आधी काढा, नाहीतर चुकीचं वाचन आधीच होऊन गेलेलं असतं.

मूळ फाइल हरवली असेल तर मजकूर राहिलेल्या तारखांसाठी 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरा आणि तिसऱ्या पायरीवर डेट, डीएमवाय निवडा. उलटलेल्या तारखांसाठी शेजारच्या रकान्यात डेट सूत्र लिहून त्यात वर्ष, मग दिवस, मग महिना असा क्रम द्या. सूत्र त्यांची अदलाबदल करून देतं. हे फक्त ज्या पेशींत खरोखर क्रमांक आहे आणि ज्या नक्की उलटल्या आहेत त्यांच्यावरच करा. मधल्या काळात कोणी हाताने नोंदी केल्या असतील तर त्या बरोबर असतात आणि या सूत्राने बिघडतात.

सगळी सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी मजकूर फाइल) एकाच रकान्यात कोंबून उघडते तेव्हा दोष लिस्ट सेपरेटरचा असतो. युरोपातल्या बऱ्याच फॉरमॅटमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून यादीतल्या बाबी तिथे अर्धविरामाने तोडतात. ही खूणही त्याच ॲडिशनल सेटिंग्जमध्ये आहे. ज्या फाइली यंत्राने वाचायच्या आहेत त्यांत तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहावी; आयएसओ ८६०१ ही पद्धत याचसाठी आहे.

चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कचरा: तिन्हींचं निदान वेगळं

मराठी मजकूर 'बिघडला' म्हणताना लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात.

चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त टंक (फाँट) नाही. विंडोज ८ पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय सोबत येतो. जुन्या दस्तऐवजांत मंगल वापरलेला असतो आणि विंडोज १० पासून मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे टंक वेगळे उतरवावे लागतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' टाका आणि यादीतून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घ्या. मंगल नसला तरी अक्षरं बहुधा दिसतात, पण ओळी आणि पानं हलतात. छापील अर्जाचा मजकूर चौकटीबाहेर गेला तर आधी हे तपासा.

प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी आहे. देवनागरी मावत नाही अशा अक्षरसंचात मजकूर साठवला गेला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. ते परत येत नाही. मूळ प्रत शोधा आणि ज्या प्रोग्रॅमने साठवलं त्याची सेव्ह करण्याची पद्धत बदला.

कचरा, म्हणजे टोपी घातलेली, शेपट्या फुटलेली रोमन अक्षरं दिसली तर मजकूर आहे, वाचणारा चुकतो आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. प्रोग्रॅमने ते एकेक बाइट सुटं वाचलं की 'म'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग चलनाचं चिन्ह, मग वर्तुळातला आर दिसतो. 'र'मध्ये शेवटी अंशाचं चिन्ह, कान्यात पाऊण, आणि दीर्घ वेलांटीत येन व युरो शेजारी शेजारी. डोक्यावर रेघ असलेला तोच ए दर तिसऱ्या जागी परत येत असेल तर निदान पक्कं समजा.

सीएसव्हीत हे होतं, कारण डबल क्लिकने उघडताना एक्सेल फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची तीन बाइटची खूण शोधतो आणि ती नसली की जुना अक्षरसंच धरतो. वर सांगितल्याप्रमाणे फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीने आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडा. तुम्ही फाइल पाठवणारे असाल तर सेव्ह ॲजमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' घ्या, त्यात ती खूण आपोआप पडते. मात्र हीच खूण काही प्रोग्रॅमांना पचत नाही. पहिल्या रकान्याचं नाव सापडत नाही अशी तक्रार प्रोग्रॅमने केली, तर नावाआधी तीच अदृश्य खूण चिकटलेली असते.

कचरा दिसत असताना फाइल सेव्ह मात्र करू नका. कचऱ्याचाच पुन्हा यूटीएफ-८ होतो आणि तीन बाइटची सहा-सात होतात. ते उलटं सोडवता येतं, पण 'ठ'च्या तिसऱ्या बाइटचं रूप न तुटणाऱ्या रिकाम्या जागेसारखं असतं. एखाद्या प्रोग्रॅमने ती जागा साधी केली किंवा छाटली की तेवढे 'ठ' गेलेच.

आता सिस्टीम लोकॅल. बरेच जण जुन्या प्रोग्रॅमसाठी ती मराठी करून पाहतात. मराठी किंवा हिंदीसाठी विंडोजचा जुन्या धर्तीचा अक्षरसंच कधी नव्हताच, या भाषा तिथे फक्त युनिकोडमध्ये आहेत, म्हणून त्या बदलाने अपेक्षित फरक पडत नाही. त्याच खिडकीत यूटीएफ-८ वापरण्याची 'बीटा' असं लिहिलेली चौकट २०१८ पासून आहे. तिने काही जुने प्रोग्रॅम खरंच सुधारतात. पण एक अक्षर म्हणजे एक बाइट असं गृहीत धरणारे प्रोग्रॅम मोडतात, आणि परिणाम अख्ख्या संगणकावर होतो. हिशेबाच्या किंवा पावत्या छापायच्या यंत्रावर ही खूण थेट करू नये. आधी दुसऱ्या यंत्रावर आपला जुना प्रोग्रॅम चालवून, छापून आणि साठवून पाहावं.

कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या टंकांतला मजकूर ही वेगळीच जात. तिथे साठवलेली अक्षरं मुळातच रोमन असतात, टंक फक्त त्यांना देवनागरी चेहरा देतो. कोणतीही प्रदेश सेटिंग इथे कामाची नाही. वाचण्यापुरता तो टंक बसवा, टिकवायचा असेल तर त्या टंकासाठीच्या परिवर्तकातून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला.

काढलेला कीबोर्ड परत येतो

आधी साधी शक्यता. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की भाषा बदलते, आणि घाईत टाइप करताना हे सहज होतं. सेटिंग्जमध्ये टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज, तिथे 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये दोन्ही ठिकाणी 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेस पुरे. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याची चौकट आहे. ती चालू असेल तर खिडकी बदलताच कीबोर्ड बदलतो आणि तो बिघाड वाटतो.

मग भुताटकीचा प्रकार. ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल झाली, तर ब्रिटिश इंग्रजीचा कीबोर्ड शिरला आहे. यादीत तो दिसत नसेल तर ती भाषा मुद्दाम जोडा, तिच्या पर्यायांत कीबोर्ड दिसतो का पाहा आणि मग भाषा पूर्ण काढा. विचित्र वाटतं, पण अर्धवट राहिलेली नोंद याने साफ होते. रीस्टार्टनंतर पुन्हा आला तर तो वेलकम स्क्रीनच्या यादीतून येतो आहे, वरची 'कॉपी सेटिंग्ज'ची नक्कल करा. दुसऱ्या संगणकावरून येत असेल तर अकाउंट्स, विंडोज बॅकअप, रिमेंबर माय प्रेफरन्सेस इथे भाषेची खूण काढा. फक्त रिमोट डेस्कटॉपने जोडल्यावरच येत असेल तर जोडणारा संगणक आपला कीबोर्ड सोबत पाठवतो. तिथे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या मूळ साठ्यातल्या) सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट या जागी 'इग्नोअर-रिमोट-कीबोर्ड-लेआउट' नावाची डीवर्ड (आकड्याची) नोंद करून किंमत १ द्यावी लागते. नाव रोमन लिपीत, मधे जागा न सोडता.

लॉगिन पडद्यावर बरोबर पासवर्ड नाकारला जातो तेव्हाही कोपऱ्यातलं कीबोर्डचं चिन्ह पाहा. तिथली यादी वेगळी असते. मराठी टाइप करायला विंडोजमध्ये दोन कीबोर्ड आहेत: नुसतं 'मराठी' म्हणजे इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी), आणि 'मराठी फोनेटिक' म्हणजे रोमन उच्चारावरून चालणारा, जो विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आला.

डिस्प्ले लँग्वेज बदलतच नसेल तर विंडोजची आवृत्ती पाहा. 'होम सिंगल लँग्वेज' असेल तर मेनूची भाषा एकच राहणार. कीबोर्ड आणि फॉरमॅट मात्र हवे तेवढे. मराठी निवडूनही काही खिडक्या इंग्रजीत राहतात, तो दोष नव्हे; तेवढं भाषांतर झालेलं नाही.

लिनक्सवर

इथे भाषा-प्रदेश काही चलांत (व्हेरिएबलमध्ये) ठेवलेला असतो आणि त्यांचा क्रम पाठ असला की अर्धं काम होतं: एलसी-ऑल सगळ्यांवर मात करतो, त्याखाली एलसी-टाइम, एलसी-न्यूमेरिक वगैरे, आणि सगळ्यात खाली लँग. एलसी-ऑल कायमचा लावून ठेवला असेल तर बाकी काहीही बदला, फरक दिसणार नाही. तो फक्त एखाद्या आज्ञेपुरता वापरायचा असतो. 'कॅनॉट चेंज लोकॅल' असा इशारा दर वेळी दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करताना येत असेल, तर तुमचा संगणक एसएसएचमार्फत (दूरच्या लॉगिनच्या जोडणीतून) आपली भाषा पाठवतो आणि सर्व्हरवर ती तयार केलेली नसते. डेबियन किंवा उबंटूवर ईटीसी फोल्डरमधल्या लोकॅल-जेन फाइलमध्ये त्या भाषेच्या ओळीपुढची खूण काढून लोकॅल-जेन आज्ञा चालवा, किंवा आपल्या एसएसएच सेटिंगमधून लँग व एलसी पाठवणारी 'सेंड-एन्व्ह' ओळ काढा. टर्मिनलमध्ये नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) मराठी फाइलनावांवर अडखळते, कारण क्रॉनला तुमच्या लॉगिनची भाषा मिळतेच असं नाही. स्क्रिप्टच्या वरच्याच ओळीत यूटीएफ-८ असलेलं लँग स्पष्ट लिहा.

घड्याळ दर वेळी साडेपाच तास हलतं

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर टाइम झोन कितीही वेळा सुधारा, हे होत राहतं. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवतो, लिनक्स ते जागतिक वेळेत समजतो. फरक नेमका तुमच्या झोनएवढा पडतो, भारतीय वेळ असेल तर साडेपाच तास. लिनक्समध्ये टाइमडेट-सीटीएल आज्ञेला 'सेट लोकल आरटीसी १' सांगून ते स्थानिक वेळेवर आणता येतं, पण ती आज्ञाच तसं न करण्याचा इशारा देते. विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइम झोन इन्फर्मेशनखाली 'रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल' ही डीवर्ड नोंद १ करणं जास्त बरं. फरक झोनएवढा नसून घड्याळ थेट काही वर्षं मागे जात असेल, तर सेटिंगला हात लावू नका. मदरबोर्डवरचा सेल संपला आहे, बहुतेक यंत्रांत तो तीन व्होल्टचा सीआर-२०३२ असतो.

संगणक संस्थेचा असेल तर

वरचं सगळं करूनही लॉगिनगणिक सेटिंग परत जात असेल तर ती गट धोरणातून (ग्रुप पॉलिसी, म्हणजे संस्थेने सगळ्या संगणकांवर लावलेल्या सेटिंगमधून) येते आहे. धोरण लॉगिनच्या वेळी लागतं आणि नंतरही साधारण दर ९० मिनिटांनी ताजं होतं, त्यामुळे तुमचा बदल तासाभराने गेल्यासारखा वाटतो. जीपी-रिझल्ट आज्ञेने अहवाल काढा, त्यात रीजनल ऑप्शन्सची नोंद कोणत्या धोरणात आहे ते पाहा आणि त्या धोरणाचं नावच व्यवस्थापकाला कळवा. 'तारीख चुकते' एवढंच लिहिलं तर उत्तरात पुन्हा 'रीजन तपासा' येईल.